आधी हिशोब मांडायला लावणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानू लागलो की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कितीतरी कारखानदारांच्या आणि आमच्या तालमीतल्या तरुणांच्या मोबाइलवर आज दिवसभर ऑप्शनचे, म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी-विक्री करण्याच्या हक्काच्या सौद्यांचे, भाव हलत असतात. हे त्यांच्याही वाचनात यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

जून 2024 मध्ये मी गंगावेशेत आपल्या घरी आलो, तेव्हा बाजारात लावलेल्या माझ्या 11 लाखांपैकी 4 लाख 40 हजार उरले होते. लोकसभेच्या मतदानोत्तर चाचण्यांमुळे 3 जूनला बाजार उसळला असताना मी निफ्टी या शेअर निर्देशांकाचे कॉल, म्हणजे भाव वाढला तरच फायदा देणारे ऑप्शन, घेतले आणि दुसऱ्याच दिवशी, निकालाच्या 4 जूनला, निफ्टी जवळपास 6 टक्क्यांनी कोसळला. आदल्या दिवशी लावलेला स्टॉप-लॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकून टाकणारी ऑर्डर, बाजार बंद होताना रद्द होतो व सकाळी पुन्हा लावावा लागतो, एवढेही मला ठाऊक नव्हते. तरीही मी आपल्याला विचारले ते हेच की, लॉस लवकरात लवकर कव्हर कसा करायचा. आणि खिशात होते खरेदी-विक्रीचे अचूक संकेत देणाऱ्या 45 हजारांच्या सॉफ्टवेअरचे माहितीपत्रक.

60 टक्के गमावलेल्या माणसाला मूळ रकमेवर यायला 150 टक्के कमवावे लागतात, हे आपण कागदावर लिहून दाखवलेत आणि तो कागद माझ्यासमोर तसाच ठेवलात. त्यानंतरचे तीन रविवार आपण माझ्याकडून वीस महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा, म्हणजे दलालाने दिलेल्या सौद्यांच्या पावत्या, एका लांब वहीत उतरवून घेतल्या. सुमारे 1,900 ऑर्डरी निघाल्या आणि दलाली, एसटीटी (सौद्यांवरचा कर), जीएसटी व इतर शुल्क मिळून 96 हजार रुपये. माझे सगळे व्यवहार ना नफा ना तोटा सुटले असते, तरी ही रक्कम गेलीच असती. त्या रात्री मला पहिल्यांदा नीट झोप लागली, कारण किती गेले आणि कशात गेले हे अखेर समजले होते.

मग आपण त्या माहितीपत्रकाकडे वळलात. विकणाऱ्याचा सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचा, नोंदणी क्रमांक कुठे आहे, हा आपला पहिला प्रश्न होता, आणि तो क्रमांक नव्हताच. दुसरा प्रश्न मी आजही प्रत्येक साधनाला विचारतो: माझी कोणती चूक हे थांबवणार आहे? मूव्हिंग अॅव्हरेज (गेल्या काही दिवसांच्या भावांची सरासरी) काय, आरएसआय (भावाच्या चढ-उताराचा जोर दाखवणारा आकडा) काय, दोन्ही मागच्या भावांवरूनच निघतात, त्यामुळे असे पाच निर्देशक एकत्र लावले तरी पाच स्वतंत्र पुरावे मिळत नाहीत, हे आपण समजावलेत तेव्हा मला लगेच पटले. घडवायच्या जॉबवर एकाच जागी पाच व्हर्नियर लावून माप अधिक खरे होत नाही, हे मी रोज लेथवर पाहतो. शेवटी माझ्याकडे तीनच साधने राहिली: भावाची सूचना देणारा अलर्ट, ऑर्डरपूर्वी खर्च दाखवणारा कॅल्क्युलेटर आणि ती वही.

ऑप्शनमधला तोटा व्यवसायाचा तोटा म्हणून त्याच वर्षीच्या कारखान्याच्या नफ्यातून वजा होतो, आणि उरलेला पुढे आठ वर्षे ओढता येतो, मात्र विवरणपत्र मुदतीत भरलेले हवे. हे सांगून 31 जुलैच्या आत ते भरेपर्यंत आपण माझ्या मागे लागलात. सप्टेंबरमध्ये सेबीचा अहवाल आला, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये 93 टक्के वैयक्तिक ट्रेडरांचे पैसे गेल्याचा. तो आपण स्वतः कारखान्यात आणून दिलात आणि एक शब्दही न बोलता चहा घेऊन गेलात. त्या दिवसापासून मी ऑप्शनची एकही ऑर्डर टाकलेली नाही.

आता दरमहा इंडेक्स फंडाचा, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या शेअर्समध्ये पैसे गुंतवणाऱ्या फंडाचा, हप्ता जातो. 11 लाखांचा आकडा अजून दूर आहे, आणि जी वाढ दिसते ती बहुतांशी कारखान्याच्या कमाईतून टाकलेल्या पैशांची आहे, हेही वहीत वेगळ्या रकान्यात लिहितो, जसे आपण शिकवलेत.

ती लांब वही मागच्या आठवड्यात संपली. नवी घेतली आहे. तिचे पहिले पान आपल्या हातून आखून घ्यावे म्हणून येत्या रविवारी सकाळी येत आहे. काकूंना नमस्कार सांगावा.

आपला कृतज्ञ,
उद्यमनगरातील एक कारखानदार