युगांडातल्या कंपालामधल्या मेंगोच्या जाजांना

जाजा, सलाम.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गल्लीतली पोरं तुम्हाला जाजा, म्हणजे आजी म्हणतात, तेच मीही लिहिते. शेजारची मुलगी तुम्हाला हे तुमच्या लुगांडा भाषेत सांगेल. लिहायचं मात्र मराठीतच, मनातलं मला दुसऱ्या भाषेत नीट येत नाही.

मी नगरची. तुमच्याकडच्या मुलींना तीन महिने शिवणकाम शिकवायला आले. शुक्रवारी संध्याकाळी एंटेबीला उतरले तर न्यायला कुणी नाही. ज्यांनी बोलावलं त्यांनी सहा महिने माझ्याकडून फॉर्म भरून घेतले, साक्ष लिहून घेतली, आमच्या पाळकसाहेबांचं पत्र मागवलं, आणि ऐन वेळी फोन बंद. अंधारात चाळीस किलोमीटर एकटी टॅक्सीने कंपालात आले. शनिवारीही कुणी फिरकलं नाही. त्याचा राग अजून उतरलेला नाही. प्रभूच्या नावाने एखाद्या बाईला एवढ्या लांब बोलवायचं आणि विसरून जायचं, हे मला कुठल्याच वचनात बसवता येत नाही.

त्यात घरच्यांनी निघताना १९७२ची आठवण करून दिलेली. इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला होता, तिथे तुला कोण जवळ करणार, असं सगळ्यांचं म्हणणं. आणि तुम्ही पहिल्याच हाकेत मला 'न्याबो', बाईसाहेब म्हणालात. पाऊस कोसळत होता, माझ्या चपला तांबड्या चिखलात रुतल्या होत्या. तुम्ही हिरव्या केळ्यांच्या ढिगाशेजारी छत्रीखाली बसला होतात. स्वतःचं स्टूल मला दिलंत आणि केळीच्या पानात वाफवलेलं मटोके, म्हणजे त्याच हिरव्या केळ्यांचा लगदा, वर शेंगदाण्याचं कालवण. आमच्या उपवासाच्या आमटीची आठवण झाली. पैसे घेतले नाहीत.

निघताना, रविवारच्या उपासनेसाठी, नामिरेंबेच्या टेकडीकडे हात करून तुम्ही दोन बोटं दाखवलीत. मी समजले, दुपारी दोन. तुमच्याकडे तास सूर्योदयापासून मोजतात, दोन म्हणजे सकाळचे आठ, हे मला कुठलं माहीत? तुम्ही आठला फाटकाशी येऊन उभ्या राहिलात आणि माझं आवरेपर्यंत तशाच थांबलात. टेकडी चढताना दोनदा दम खाल्लात, तेव्हा माझाच जीव गलबलला.

ते विटांचं कॅथेड्रल, ती माणसं, सगळं बघितलं. पण माझ्या मनात राहिलंय ते तुमचं बोट. गीत सुरू झालं. चाल मी लगेच ओळखली, आमच्या नगरला आम्ही ती मराठीत म्हणतो. शब्द येईनात, म्हणून गप्प उभी होते. तुम्ही पुस्तक माझ्याकडे सरकवलंत आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत गेलात. केळ्याच्या चिकाने काळं पडलेलं, नखाशी चिरलेलं बोट. मी अडखळले की तेही थांबायचं. तिसऱ्या कडव्याला माझा आवाज निघाला. चाळीस तासांत मी तोंडातून पहिल्यांदाच मोठा आवाज काढला होता, जाजा.

आमच्या नगरला १८३१ साली अमेरिकन मिशनरी आले, तुमच्या कबाकांच्या, म्हणजे राजांच्या, दरबारात १८७७ साली इंग्रज मिशनरी पोचले. त्यांची नावं पुस्तकांत आहेत. पहिल्या दिवशी त्यांना पाणी कुणी दिलं, बसायला कुणी सांगितलं, ते सापडत नाही. कुणा बाईनेच दिलं असेल, असं मला रविवारपासून सारखं वाटतं. चांगुलपणाला ओळखपत्र लागत नाही. तो समोरच्याचे ओले पाय बघतो आणि स्टूल पुढे करतो.

तुम्हाला 'वेबाले न्यो', खूप आभार, म्हणाले ते घाईत, गर्दीत. इथे पुन्हा म्हणते, वेबाले न्यो, जाजा.

आणखी एक. तुमची गोमेसी मी शिंपिणीच्या नजरेने बघितली. हा पेहराव मूळ गोव्याच्या गोम्स नावाच्या शिंप्याचा, नावही त्याच्यावरूनच पडलं. गळ्याजवळ डावीकडे दोन बटणं असतात, त्यातलं तुमचं खालचं एका धाग्यावर लोंबतंय. शनिवारी सुईदोरा घेऊन येते. तोवर ते ओढू नका.

तुमची,
नगरची शिंपीण