वारा नव्हे, पाणी

फोर्ट मायर्स, फ्लोरिडा
20 ऑक्टोबर 2022

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "इयान चक्रीवादळाचा एवढा इशारा होता, तर ती म्हातारी माणसं वेळेवर निघाली का नाहीत?" मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी दुपारभर मी अशाच एका घरातला चिखल उपसत होते.

ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आईवडिलांचं ते घर, फोर्ट मायर्स बीचवर. दोघंही पंच्याहत्तरी ओलांडलेले. 2004 साली चार्ली वादळ इथल्याच कायो कोस्टा बेटावर धडकलं होतं, ताशी 240 किलोमीटर वेगानं. तेव्हा हे दोघं घरातच थांबले होते. छपराचे काही तुकडे उडाले, एवढंच. यंदा 28 सप्टेंबरला इयान त्याच बेटावर आलं आणि वेगही तोच. आकडा सारखा, म्हणून त्रासही तेवढाच, असं त्यांनी धरलं. पण चार्लीचा घेर लहान होता, ते झपाट्यानं निघून गेलं. इयान अवाढव्य आणि संथ. तासन्‌तास ते समुद्राला किनाऱ्याकडे रेटत राहिलं. इथे समुद्राचा तळ लांबवर उथळ आहे, त्यामुळे रेटलेलं पाणी खाली जाऊ शकत नाही, ते जमिनीवर चढतं. बीचवर ते दहा फुटांच्या वर चढलं. उत्तरेला टॅम्पाला वारा उलटा होता, तिथल्या खाडीतलं पाणी बाहेर ओढलं जाऊन तळ उघडा पडला. आधीचे काही दिवस सगळ्यांच्या तोंडी होतं की वादळ टॅम्पालाच धडकणार, हेही लक्षात घ्या. आमच्याकडे घरं सोडण्याचा हुकूम 27 तारखेला सकाळी आला. त्यानंतर जेमतेम दीड दिवस.

दीड दिवसात त्या दोघांनी काय काय करायचं होतं? वडिलांना वॉकर लागतो. आईला रात्री गाडी चालवता येत नाही. घरात म्हातारा कुत्रा. फ्रिजमध्ये इन्सुलिन. ते पोटमाळ्यावर चढून बसले म्हणून वाचले. शेजारचे आजोबा गेले. एकूण मृतांचा आकडा आता शंभरावर आहे. त्यात साठीच्या पुढचेच जास्त, आणि सर्वाधिक बुडून. सगळे वाऱ्याला घाबरत होते, बाबा. खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या.

आई, तुला टीव्हीवर दिसलेला तुटलेला पूल सॅनिबेल बेटाचा. कालच तात्पुरता रस्ता करून तो लोकांसाठी खुला झाला. कोळंबीच्या मोठ्या बोटी अजून जमिनीवर, एकमेकींवर कलंडून पडल्या आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिजलेल्या गाद्या आणि भिंतींतून उपटलेल्या फळ्या. या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून लोकांना शोक करायलाही उसंत नाही, आधी भिंती फोडाव्या लागतात. घराच्या नेहमीच्या विम्यात वाऱ्याचं नुकसान धरतात, पुराचं पाणी धरत नाहीत, त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. तो या दोघांनी घेतला नव्हता. आता विमा कंपनीशी सगळा वाद एवढाच, की छप्पर आधी उडालं की पाणी आधी आलं. त्या वेळी पोटमाळ्यावर अंधारात बसलेल्या माणसांनी ते कसं सांगायचं?

त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ आहे. मी तिच्याजवळ उभी राहिले, ती माझ्या डोक्याच्या वर होती.

तुम्हाला अजून सांगितलेलं नाही ते लिहिते. 27 तारखेला दुपारी मी एकटीच गाडी घेऊन मायामीकडे निघाले. मैत्रीण तेव्हा दुसऱ्या राज्यात होती. तिचे आईवडील एकटे आहेत हे मला माहीत होतं. मी फोन केला. "आम्ही ठीक आहोत, तू नीघ," असं ते म्हणाले, आणि मी निघाले. गाडीच्या मागच्या सीटवर फक्त माझी बॅग होती.

शनिवारी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे, उरलेली भिंत काढायला. रविवारी सकाळी फोन करीन. तेव्हा दोघंही जवळ बसा.

तुमची लेक