बेरीज 42, दाखल्यावर 38

महोदय,

राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे महिन्याचे दीड हजाराचे अडीच हजार झाले, तेव्हापासून माझ्या दुकानात रोज कुणी ना कुणी येऊन विचारतं, "ताई, कार्ड तर आहे, मग पैसे का येत नाहीत?" तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. युडीआयडीचे, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचे, कितीतरी अर्ज या हातांनी भरले, आणि तरी घरच्याच माणसाच्या वेळी मी उताणी पडले.

माझ्या दिराचा एक डोळा लहानपणी उसाचं पातं लागून गेला. पुढे मळणी यंत्रात उजवा हात सापडला, तो वाचला पण पूर्वीसारखा चालत नाही. अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा वार होता, त्या दिवशी तपासणीला गेलो. डोळ्याचे 30 टक्के, हाताचे 12. मी तिथल्या तिथे 42 धरले, योजनेला लागणारे 40 टक्के पार झाले म्हणून बाहेर येऊन सगळ्यांना चहा पाजला. दाखला आला 38 टक्क्यांचा. "मधले चार टक्के कुणी खाल्ले?" असं मी तिथल्या क्लार्कला तोंडावर विचारलं. आता आठवलं की लाज वाटते.

कारण कुणी खाल्लेच नव्हते. दोन प्रकारचं अपंगत्व असलं की आकड्यांची सरळ बेरीज करत नाहीत. मोठा आकडा तसाच ठेवायचा, तो 90 मधून वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं आणि 90 ने भागायचं. आमच्या बाबतीत 60 गुणिले 12, भागिले 90, म्हणजे 8. तीस आणि आठ, अडतीस. एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा चांगला असेल तर 30 च टक्के, हेही नियमातच आहे. ते पटत नाही, पण तो वेगळा विषय.

हा हिशेब एका निवृत्त डॉक्टरांनी मला वहीच्या पाठीवर मांडून दाखवला, दाखला मिळाल्यावर सहा महिन्यांनी. हाताचे 12 ऐवजी 15 धरले गेले असते तर बरोबर 40 भरतात, हेही तेव्हाच कळलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दाखल्याविरुद्ध अपील करता येतं, पण त्याला मुदत असते. अपील करण्यासारखं काही आहे का, हेच ज्याला समजत नाही त्याने मुदत पाळायची तरी कशी?

बरं, 40 भरले म्हणजे सगळं जमलं असंही नाही. निराधारचे पैसे हवेत तर घरचं वर्षाचं उत्पन्न 50,000 च्या आत लागतं. घरातला एक माणूस 300 रुपये रोजाने 170 दिवस कामाला गेला तरी 51,000 होतात. मग उत्पन्नाचा दाखला कसा 'बसवून' आणतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी लिहीत नाही. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला तर 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं नाव, दोन्ही लागतं. रेल्वेच्या सवलतीचं आणखी निराळं. तिथे नुसता टक्का चालत नाही, हातापायाचं अपंगत्व असेल तर सोबतीशिवाय प्रवास करता येत नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. एकाच माणसाच्या एकाच शरीराला प्रत्येक खिडकीवर वेगळं माप. मापं वेगळी असायला कारणंही असतील, पण ती सांगणार कोण? गावात सध्या ते मी सांगते, झेरॉक्सचे सुटे पैसे मोजता मोजता.

सर्वांत वाईट वाटतं ते 40 च्या आतल्या लोकांचं. त्यांनाही कार्ड मिळतं, पांढऱ्या रंगाचं. 40 पासून पिवळं, 80 पासून निळं. रंगाचा अर्थ कुणी सांगत नाही. माझा दीर ते पांढरं कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून खिशात ठेवायचा. दोनदा तहसीलला जाऊन आला. दोन्ही वेळा "बसत नाही" एवढंच उत्तर, तेही तोंडी.

माझं मागणं मोठं नाही. टक्केवारीचा हिशेब दाखल्यासोबत मराठीत द्यावा. अपिलाची मुदत आणि ते कुठे करायचं हे त्यावरच छापावं. आणि अर्ज नाकारला तर कोणत्या अटीमुळे, ते लेखी द्यावं. कागद वाढेल अशी सबब कुणी सांगू नये. असे दाखले माझ्या मशीनखालून रोज जातात, त्यांची मागची बाजू कोरीच असते.

आपली,
एक झेरॉक्स दुकानदार
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)