बॉक्सिंगचा बूट उलटा करून बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय बॉक्सिंग स्पर्धांचे दिवस जवळ आले की माझ्या दुकानात मुलांची आणि त्यांच्या वडिलांची ये-जा वाढते. भवानी पेठेत गेली एकतीस वर्षं मी चपला-बूट दुरुस्त करतो. मी स्वतः कधी हातात ग्लोव्हज घातले नाहीत. पण माझा मुलगा सहा वर्षं खेळला, त्याच्यामागून त्याचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले, आणि बॉक्सिंगचे दोनशेच्या वर जोड तरी माझ्या रापीखालून गेले असतील. म्हणून हे पत्र. बूट घेताना सगळे रंग बघतात, उंची बघतात, कंपनीचं नाव बघतात. उलटा करून तळ बघणारा माणूस मला क्वचित भेटला.

मीही बघितला नव्हता. मुलगा नववीत असताना पहिल्यांदा जिल्ह्याच्या स्पर्धेला उतरला, तेव्हा त्याच्या पायात पळायचे बूट होते. चांगले होते, महागाचे होते, मीच घेऊन दिले होते. दुसऱ्या फेरीत त्याने उजवा ठोसा टाकला. उजवा ठोसा टाकताना अंगाबरोबर उजवी टाच बाहेर फिरावी लागते, सगळा भार चवड्यावर येतो. त्याचं अंग फिरलं, पाय जागेवरच राहिला. घोटा आतल्या आत मुडपला आणि तो खाली बसला. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाला, "पप्पा, पाय सुटलाच नाही." सहा आठवडे क्रेप बँडेज होतं.

पुढं मी तो बूट मधोमध कापून पाहिला. टाचेखाली सव्वा इंच फोम, चवड्याखाली पाऊण इंच. म्हणजे मुलगा रिंगणात सतत थोडा पुढं कललेला. तळ दोन्ही बाजूंना पायापेक्षा रुंद पसरलेला. सरळ रस्त्यावर पळणाऱ्याला हे सगळं सोयीचं असतं, कारण त्याला टाच आपटायची असते आणि एकाच दिशेला जायचं असतं. बॉक्सिंगची रिंग म्हणजे फळ्यांवर रबर किंवा फेल्ट आणि त्यावर ताणून बसवलेलं कॅनव्हास. त्यावर मऊ फोम दबतो, पसरलेली कड कापडात रुतते, आणि पाय वळायच्या वेळी तीच कड घोट्याला उलटं पाडते. या खेळाच्या नियमातच आहे की बूट हलका हवा, त्याला टाच नको आणि खिळे नकोत. तो नियम सांगायला मला कुणी भेटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता दुकानात कुणी नवा जोड दाखवायला आणला की मी आधी तो काउंटरवर हलकेच आपटतो. टक् असा कोरडा आवाज आला तर तळ कडक प्लास्टिकचा. तो कॅनव्हासवर घसरतो, विशेषतः घाम सांडलेल्या कोपऱ्यात. मग नख रोवून बघतो. चांगल्या रबरावर नखाची खूण उठते आणि बघता बघता भरून येते. नंतर बूट वाकवतो. तो जिथं बोटं वाकतात तिथंच वाकला पाहिजे. मधोमध वाकणारा बूट पायाला धरत नाही, आणि अजिबात न वाकणारा चवड्यावर उभं राहू देत नाही. शेवटी आत हात घालून अंगठ्यानं तळ दाबतो, खालून दुसऱ्या हाताचं बोट लावून. बोट जाणवलं पाहिजे. माझ्याकडे आलेल्या चांगल्या बुटांचा तळ पाच-सहा मिलिमीटरच्या आतच होता. रिंगणात तिन्ही फेऱ्या मुलगा जवळजवळ चवड्यावरच असतो, खालची जमीन त्याला कळली पाहिजे. आणि तळ अपरला, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाला, नुसता सोल्युशनने चिकटवलाय की कडेने शिवलाय, तेही बघा. नुसता चिकटवलेला पहिल्यांदा अंगठ्यापाशी सुटतो.

नंबरचा घोळ तर दर वर्षी. मागच्या हंगामात एक मुलगा काळंनिळं झालेलं नख घेऊन आला. त्याला आठ नंबर लागतो, त्यानं ऑनलाइन आठ मागवला, आणि आला तो अमेरिकन आठ. आपल्याकडे दुकानात चालतो तो यूके नंबर. पुरुषांच्या बुटात अमेरिकन नंबर त्याहून साधारण एकाने जास्त असतो, म्हणजे अमेरिकन आठ हा आपला सात. पोरानं दोन महिने तसाच रेटला, कारण परत करायची मुदत संपली होती आणि घरी सांगायची हिंमत नव्हती. नंबरवर अवलंबून राहूच नका, पाय मोजा. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय फुगल्यावर, सरावाला घालतो तेच मोजे घालून, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं. दोन्ही पायांवर भार द्यायचा. सगळ्यात लांब बोटापुढं रेघ मारायची आणि सेंटिमीटर मोजायचे. दोन्ही पाय मोजायचे, मोठा धरायचा. बऱ्याच बुटांच्या जिभेमागच्या लेबलवर सेंटिमीटरचा आकडाही छापलेला असतो, त्याच्याशी ताळा घालायचा. पुढं अर्धं बोट जागा पुरे. "वाढतं अंग आहे, एक नंबर मोठा घेऊ" असं वडील म्हणतात तेव्हा मी हात जोडून नको म्हणतो. मोठ्या बुटात पाय आत घसरतो, मुलगा वळतो आणि बूट मागाहून वळतो. आमच्या घरातही पैशांचा विचार करूनच बूट घेतले जातात, पण या ठिकाणी ती काटकसर घोट्याला महागात पडते.

लांबी जमली तरी रुंदी राहते. लहानपणी अनवाणी हिंडलेल्या आपल्या पोरांचे चवडे पसरट असतात, आणि बाहेरच्या देशांतल्या कंपन्यांचे फर्मे, म्हणजे बूट ज्यावर घडवतात ते पायाचे साचे, बहुधा निमुळते. यावर सोपा उपाय आहे. बुटातली सुकतळी निघत असेल तर ती काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. करंगळीकडचं मांस सुकतळीबाहेर ओघळलं तर तो बूट तुमचा नाही, कितीही आवडला तरी.

उंच की बुटका, हा प्रश्न मुलं सगळ्यात आधी विचारतात. पोटरीपर्यंतचा बूट दिसायला रुबाबदार, आणि वजनाने भारी गड्याला त्याचा आधारही वाटतो. पण तो नाडी वरपर्यंत नीट आवळली तरच कामाचा. खाली बसून उठून पाहा. टाचेमागच्या शिरेवर कड रुतली तर फेरीगणिक ती जागा सोलून निघेल. नवशिक्याला मी घोट्याच्या वरपर्यंत येणारा मधला बूट सांगतो. कमजोर घोटा उंच बुटाने बळकट होत नाही, त्याला दोरीच्या उड्याच लागतात, आणि ते सरांचं काम आहे.

मॅटवरच्या कुस्तीचे बूट आपल्याकडे सहज मिळतात, पुष्कळ मुलं तेच वापरतात. सरावाला माझी हरकत नाही. पण त्यांचं रबर कडेने वर चढवलेलं असतं आणि पकड जास्त असते, कारण पैलवानाला रेटा द्यायचा असतो. ठोशाबरोबर पाय गर्रकन फिरवायला तीच पकड आडवी येते.

जुना जोडही फेकायच्या आधी नीट पाहण्यासारखा असतो. एका मुलाच्या उजव्या बुटाला अंगठ्याच्या आतल्या बाजूने भोक पडलं होतं, डावा मात्र जवळजवळ नवा. मी त्याला म्हटलं, "बाळा, मागचा पाय उचलत नाहीस, ओढतोस." तो चकित झाला, सरही त्याला रोज हेच सांगायचे. तिथं मी पातळ चामड्याचं ठिगळ लावून दिलं. जाड सोल लावून द्या म्हणून हट्ट धरणारेही येतात. त्यांना मी नाही म्हणतो. ते पैसे मला नकोत.

आणि हे बूट रस्त्यावर घालू नका. पिशवीतून न्या, रिंगजवळ घाला. धूळ बसलेला तळ घसरतो, त्यातली वाळू कॅनव्हास कुरतडते. सरावानंतर ओल्या फडक्यानं तळ पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि सावलीत वाळवा. उन्हात सोल्युशन सुटतं.

माझी खरी मागणी स्पर्धा भरवणाऱ्यांकडे आहे. डोक्याला लागणाऱ्या माराची चर्चा या खेळात वर्षानुवर्षं होते. मोठ्या पुरुषांच्या गटातलं हेडगार्ड 2013 मध्ये काढलं तेव्हाही किती बोललं गेलं. मुलांचे ग्लोव्हज, माउथगार्ड, जांघेचं गार्ड सगळं तपासतात. त्याच वेळी मुलाला एक-एक पाय उचलायला सांगून तळ बघायला दहा सेकंद लागतात. पळायचा बूट दिसला तर त्याला दुसरा जोड मिळेपर्यंत थांबवा. संयोजकांनी सहा ते दहा नंबरचे पाच जोड जवळ ठेवले तर गरिबाच्या पोराची संधीही जाणार नाही. रिंगच्या पायरीशी तळ पुसायला एक ओलं पोतं आणि एक कोरडं पोतं टाकायला खर्च काहीच नाही.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात कुणाही मुलाने जोड घेऊन माझ्याकडे यावं. तळ, शिवण आणि नाडीची भोकं मी पाहून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं.

आपला,
एक पादत्राण कारागीर,
भवानी पेठ, पुणे