गुण किल्ल्याला द्या, पण आधी मुलांशी बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली तसे बाजारात तयार किल्ले मांडलेले दिसू लागले आहेत. प्लास्टरचे, रंगवून ठेवलेले. घरी न्यायचा, वर महाराज आणि मावळे बसवले की झाला किल्ला. मी साताऱ्यात अनेक वर्षं चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर किल्ला स्पर्धांचं परीक्षण करते, म्हणून हे पत्र.

गेल्या दिवाळीत एका सोसायटीत राजगड पाहिला. तट रेखीव, बुरूज एकसारखे, आतून दिवेसुद्धा सोडलेले. शेजारी चौथी-पाचवीतली मुलं उभी होती. "संजीवनी माची कुठली रे?" मी विचारलं. मुलांनी मोठ्यांकडे पाहिलं. मोठ्यांनाही सांगता येईना, कारण किल्ला बाहेरून माणूस बोलावून करून घेतला होता.

त्याच संध्याकाळी पुढच्या गल्लीत विटांच्या ढिगावर चिखलात बुडवलेली पोती टाकून केलेला रायगड होता. एका कड्याला तडा गेलेला, पायथ्याशी प्लास्टिकचा वाघ आणि ट्रॅक्टर. पण सहावीतली एक मुलगी बोटाने वाट दाखवत म्हणाली, "बाई, महादरवाजा इथून दिसतच नाही. दोन बुरजांच्या आड आहे. शत्रू वळणावर आला की वरून मारा." आधी तिने बुरूज शेजारी शेजारी केले होते. दरवाजा उघडा पडतोय असं दिसलं, तेव्हा मोडून पुन्हा केले. गोमुखी दरवाज्याची सगळी युक्ती त्या मोडण्यात तिला कळली. मी इतकी वर्षं फळ्यावर आकृत्या काढल्या, पण असं कळणं हाताला चिखल लागल्याशिवाय होत नाही.

नंबर मात्र दिव्यांच्या राजगडाला मिळाला. याचं मला मनापासून वाईट वाटलं. त्या मुलीने पुढच्या वर्षी काय करायचं, हे आपण मोठ्यांनीच तिला सांगून टाकलं.

आमच्या घरी मुलींनी रांगोळी काढायची आणि मुलांनी किल्ला करायचा, अशी वाटणी नव्हती. सहामाही परीक्षा संपली की वडील दगड आणून टाकायचे, आई माती चाळून द्यायची. चिखलात भुसा कालवला की तडे कमी जातात, हे तिचं सांगणं. वसुबारसेच्या आधीच अळीव आणि मोहरी टाकायची, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत डोंगर हिरवागार. पाणी शिंपडायचं ते हातानेच, तांब्याने ओतलं की माची वाहून जाते. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. एकत्र बसून काम करताना ते आमच्याकडे आलं, आणि किल्ला विकत आणला की नेमकं तेवढंच घरी येत नाही.

जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड आणि आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड यांच्यासह मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आपण सगळ्यांनी अभिमानाने ती बातमी पुढे पाठवली. मग अंगणातला किल्ला तरी मुलांच्या हातून काढून घेऊ नये.

फ्लॅटमध्ये माती कुठून आणायची, खाली फरशी खराब होते, या अडचणी खऱ्या आहेत. पण बाल्कनीत जुन्या प्लायवूडवर प्लास्टिकचा कागद अंथरून कुंड्यांच्या मातीतही छान किल्ला होतो, आणि तुळशीचं लग्न झालं की माती परत कुंड्यांत जाते. सोसायट्यांनी तेवढे दिवस पार्किंगचा एखादा कोपरा मुलांना द्यावा.

मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. निम्मे गुण मुलांशी होणाऱ्या बोलण्याला ठेवा. दरवाजा इथेच का, पाण्याची टाकी कुठे, चोरवाट कशी, एवढं विचारा आणि उत्तर मुलांनाच देऊ द्या. विकतचे आणि करून घेतलेले किल्ले हवे तर प्रदर्शनात मांडा, स्पर्धेत घेऊ नका. प्रवेशाचे फॉर्म अजून छापायचे असतील, तर हा नियम याच दिवाळीपासून घालता येईल.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा