अथर्वच्या रागाविषयी

कोल्हापूर

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

अथर्व हरला की सापशिडीचा पट उधळतो, रडून घर डोक्यावर घेतो, आणि म्हणून त्याला संध्याकाळी शिस्तीच्या कुठल्याशा वर्गाला घालावे असे तुम्हा उभयतांच्या मनात आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. माझे मत स्पष्टच लिहितो : पाच वर्षांच्या मुलाची संध्याकाळ खेळासाठीच राहू दे.

राग आवरणे उपदेशाने येत नाही. खेळ मोडू नये या ओढीपोटी मूल ते शिकते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या व्याख्यानात हेच मांडले होते. शर्यतीला उभ्या राहिलेल्या मुलाला तत्क्षणी धावत सुटावेसे वाटते, तरी इशारा होईपर्यंत ते थांबते, कारण नियम पाळण्यातच त्या खेळाची गोडी असते. पुढे त्यांच्याच परंपरेतील मानुइलेंको यांनी मुलांना निश्चल उभे राहायला सांगून पाहिले, तेव्हा नुसत्या आज्ञेपेक्षा पहारेकऱ्याची भूमिका दिल्यावर ती अधिक वेळ स्थिर राहिली.

परवा आमच्या शिवाजी पेठेत, तालमीमागच्या बोळात लगोरी चालली होती. शेवटची फरशी ठेवता ठेवता एका पोराच्या पाठीत चेंडू बसला. "लागलाच न्हाई!" म्हणत तो मूठ आवळून समोरच्याच्या अंगावर धावला, तेव्हा बाकीच्यांनी "मग आम्ही खेळत न्हाई" एवढेच म्हटले. तो भिंतीला टेकून, नाक ओढत, थोडा वेळ उभा राहिला आणि मग आपणहून फरशांचे तुकडे गोळा करू लागला. ओट्यावरच्या एखाद्या वडीलधाऱ्याने मध्ये पडून न्याय केला असता, तर आपला राग आपणच गिळण्याची संधी त्या पोराला मिळाली नसती. (एकाच मुलाला सगळे मिळून छळत असतील, तर मात्र मोठ्यांनी उठलेच पाहिजे.)

भातुकलीचेही तसेच आहे. दवाखान्याला घाबरणारे मूल घरी येऊन बाहुलीला इंजेक्शन देते आणि तिची समजूतही काढते, तेव्हा ते आपली भीतीच हाताळत असते. त्याला हसू नये.

मेंदूचा आवेग आवरणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, हे ध्यानात घेता अथर्वकडून आजच मोठ्यांचा संयम मागणे मला अन्यायाचे वाटते. मात्र त्याला खूश ठेवण्यासाठी तू दर वेळी मुद्दाम हरू नकोस.

मे महिन्याच्या सुट्टीत त्याला आमच्याकडे पाठव. येथील पोरे आरंभी त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतील. पहिल्या दिवशी तो रडत घरी आला, तर मी त्याला जवळ घेईन, पण त्याची बाजू मांडायला बोळात जाणार नाही, याची वहिनींना आधीच कल्पना दे.

तुझा,
सुधाकर