म्युझियमला तिकीट नाही, मग आम्ही जास्तीचे पैसे कशाचे भरले?

दि. ९ जून २०२५
पुणे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लंडन येथील फ्लॅटच्या बुकिंगमध्ये झालेली दिशाभूल व भाड्यातील फरक परत मिळण्याबाबत
संदर्भ : दि. १० ते १७ मे २०२५, सात रात्री, चार माणसे

महोदय,

फेब्रुवारीत मी आणि माझे यजमान तुमच्या प्रवास कंपनीच्या ऑफिसात आलो होतो. आमची गरज एकच होती आणि ती मी तुमच्या प्रतिनिधीला दोनदा सांगितली. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरात झालं आहे. सपाट रस्त्यावर त्या हळूहळू चालतात, पण जिना उतरणं त्यांना जमत नाही. मुलगा सात वर्षांचा आणि डायनोसॉरचा वेडा. म्हणून लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम हेच आमच्या प्रवासाचं खरं कारण होतं. बाकी लंडन जमलं तर जमलं.

तुमच्या प्रतिनिधीने दोन फ्लॅट दाखवले. एक अर्ल्स कोर्ट भागात, रात्रीला १९,५०० रुपये. दुसरा "म्युझियमलगत, २ मिनिटांवर, गार्डन फ्लॅट", रात्रीला २८,००० रुपये. गार्डन फ्लॅट म्हणजे काय, हे मी विचारलं. "मॅडम, तळमजला. बाहेर छोटीशी बाग," असं उत्तर मिळालं. माहितीपत्रकातल्या खिडकीतून म्युझियमचे मनोरे दिसत होते. आम्ही दुसरा निवडला.

रात्रीला साडेआठ हजार जास्त देणारी माणसं आम्ही नाही, म्हणून हे का केलं ते सांगते. त्या म्युझियमच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही, प्रवेश फुकट आहे. सकाळी दहाला उघडतं आणि संध्याकाळी पाच पन्नासला बंद होतं. फुकट असल्यामुळे एकाच दिवसात दोनदा जाता येतं. आमचा बेत असा होता की सकाळी दोन तास बघायचं, दुपारी घरी येऊन वरणभात, सासूबाईंच्या गोळ्या आणि थोडी झोप, मग चारला पुन्हा जायचं. मुलालाही एका दिवशी एकच दालन नीट दाखवता आलं असतं. थोडक्यात, आम्ही पैसे मोजले ते जवळ असण्याचे. दुसरं काही विकत घेतलंच नव्हतं.

पत्ता तुम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी पाठवलात. तोपर्यंत आमच्या बॅगा बांधून झाल्या होत्या. पत्त्याच्या शेवटी, पिनकोडच्या जागी, एसडब्ल्यू ५ होतं. म्युझियमचा पत्ता एसडब्ल्यू ७ आहे, हे मला नंतर कळलं. हीथ्रोहून येताना टॅक्सी क्रॉमवेल रोड सोडून उजवीकडच्या एका गल्लीत वळली तेव्हा मी ड्रायव्हरला विचारलं, म्युझियम आलं का? तो म्हणाला, ते अजून बरंच पुढे, हे अर्ल्स कोर्ट.

म्हणजे जो भाग आम्ही स्वस्त असूनही नाकारला होता, त्याच भागात महाग दराने राहायला आलो.

आणि ती "बाग". लंडनच्या त्या जुन्या पांढऱ्या घरांना फुटपाथलगत काळे लोखंडी कठडे असतात आणि कठड्याच्या आत खाली उतरायला दगडी जिना असतो. आमचं दार त्या जिन्याच्या तळाशी होतं. तेरा पायऱ्या, उभ्या, आणि त्या रात्री पावसाने ओल्या. माझे यजमान पुढे, मी मागे, सासूबाई मधे, एका हाताने कठडा धरून एकेक पायरी. मुलगा वरून बॅगा सांभाळत मोठ्याने मोजत होता. मध्येच तो चुकला तर सासूबाई म्हणाल्या, "मोजू नकोस रे बाबा." तळघराला तिथे गार्डन फ्लॅट म्हणतात, ही माहिती त्या धंद्यात नसलेल्या माणसाला कुठून असणार? तुम्हाला मात्र असायला हवी होती. बाग म्हणाल तर मागच्या दारी फरशी घातलेलं एक अंगण होतं आणि एक कुंडी.

खिडकीतून मनोरे दिसले नाहीत. दिसले ते फुटपाथवरून जाणाऱ्या लोकांचे पाय. सासूबाई दोन दिवस पूर्ण त्या खिडकीपाशी बसून होत्या, कारण रोज तेरा पायऱ्या चार वेळा करणं शक्यच नव्हतं. आम्ही परत आलो की त्या सांगायच्या, आज लाल बूटवाली तीनदा गेली, कुत्र्यावाला म्हातारा आलाच नाही. ऐकताना हसू यायचं. पण सासूबाई माणसांचे पाय बघायला लंडनला आल्या नव्हत्या.

तक्रार लिहिताना खोटं लिहू नये, म्हणून हेही नोंदवते की फ्लॅट स्वच्छ होता, गरम पाणी भरपूर होतं आणि स्वयंपाकघरात भांडी पुरेशी होती. त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या प्रतिनिधीला व्हॉट्सॲप केला. उत्तर आलं, "म्युझियम दोन स्टेशनं आहे मॅडम, ट्यूबने दोन मिनिटं." मिनिटं चालत मोजायची असतात की ट्यूबने, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेने, हे माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. "लगत" हा शब्द मात्र लिहिलेला आहे. अर्ल्स कोर्टच्या स्टेशनात लिफ्ट आहे, हे खरं. पण म्युझियमच्या स्टेशनात, साउथ केन्सिंग्टनला, ट्यूबच्या डिस्ट्रिक्ट लाइनवर उतरलं की वर यायला जिने आहेत. गुडघ्याचा माणूस ट्यूबने नेऊन तरी काय उपयोग? यजमान एकदा घड्याळ लावून एकटे चालत गेले, वीस मिनिटं लागली. सासूबाईंच्या चालीने त्याचा पाऊण तास होईल.

शेवटी मार्ग आम्हीच शोधला, आणि तो ट्यूबचा नव्हता. ७४ नंबरची बस अर्ल्स कोर्टवरून क्रॉमवेल रोडने म्युझियमजवळून जाते. तिकीट तेव्हा पावणेदोन पौंड होतं आणि चढायला पायरी नाही. (तुमच्या पुढच्या ग्राहकांना निदान एवढं तरी सांगा.) त्या बसने आम्ही सासूबाईंना एकच दिवस नेलं. परतताना पाऊस लागला आणि टॅक्सी करावी लागली. आणखी दोन संध्याकाळी मुलगा थकून झोपल्यामुळे टॅक्सी केली. फ्लॅट दोन मिनिटांवर असता तर यातली एकही लागली नसती.

त्या एका दिवशी सासूबाई मोठ्या दालनात निळ्या देवमाशाच्या सांगाड्याखाली अर्धा तास बसल्या. पंचवीस मीटर लांबीचा तो सांगाडा छताला असा टांगला आहे की मासा आत्ता आपल्या अंगावर सूर मारेल असं वाटतं. त्या वर बघत म्हणाल्या, "एवढं धूड यांनी वर नेऊन टांगलं, आणि तुझ्या कंपनीला मला खोलीत सरळ पोचवता येईना." हे वाक्य मी तुमच्यापर्यंत पोचवते असं त्यांना कबूल केलं होतं.

परत आल्यावर मी ऑफिसात फोन केला. आधी "गार्डन फ्लॅट असं स्पष्ट लिहिलं होतं" असं उत्तर मिळालं, मग पुढच्या सहलीसाठी ५,००० रुपयांचं कूपन देऊ केलं गेलं. कूपन नको. तुमच्याबरोबर पुढची सहल होईल असं मला वाटत नाही.

माझी मागणी सरळ हिशोबाची आहे. आम्ही अर्ल्स कोर्टमध्ये राहिलो, तर तुम्हीच सांगितलेल्या अर्ल्स कोर्टच्या दराने पैसे घ्या. फरक ८,५०० रुपये, सात रात्रींचे ५९,५०० रुपये. टॅक्सीचे तीन फेऱ्यांचे ८,२४० रुपये, पावत्या जोडल्या आहेत. एकूण ६७,७४० रुपये मूळ खात्यात जमा करावेत. माहितीपत्रकातला तो खिडकीचा फोटो आणि "लगत" हा शब्दही काढावा. मनस्तापाचे पैसे मी मागितलेले नाहीत, पण प्रकरण पुढे गेलं तर मागेन.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. सोबत माहितीपत्रकाची प्रत, दोन्ही दरांचं कोटेशन, पैसे भरल्याची पावती, व्हॉट्सॲपवरचा संवाद, टॅक्सीच्या पावत्या आणि त्या जिन्याचा फोटो जोडला आहे. फोटोत पायऱ्या मोजता येतात.

कृपया फोन करू नये, उत्तर लेखी द्यावे.

आपली,
(सही)